गोधडीचा टाका

परवा लंचच्या टेबलावर एकाने मोबाईलवरून मथळे वाचून दाखवायला सुरुवात केली. 'जगातली सगळ्यात निरुपयोगी संशोधनं' असला काहीतरी फॉरवर्ड होता. तिसरा का चौथा मथळा आला, 'मेम्ब्रेनच्या आरपार जाणारी पेप्टाइड्स लिपिडच्या दुहेरी थराच्या अवस्थांवर काय परिणाम करतात'. अख्खं टेबल फुटलं. "आपल्या टॅक्सच्या पैशावर हे उद्योग चालतात बघ" असं एकजण म्हणाला, दुसऱ्याने "पेप्टाइडला कुणी विचारलं का?" असा पीजे मारला. एरवी अशा वेळी सगळ्यात मोठ्याने हसणारा मी असतो. परवा मात्र हसू आलं नाही. उगाच तत्त्वज्ञान पाजळायला नको म्हणून गप्प बसलो, डब्यातली भेंडी संपवली आणि डेस्कवर परत आलो. मनातलं सगळं इथे ओतायला हा ब्लॉग आहेच की!

कारण असं की या मथळ्यातली गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. पांढरी, दुधासारखी, जेमतेम पावणेतीन मिलिलिटर.

*

गेल्या वर्षीच्या वारीतली गोष्ट. आमचं गाव पिंपळी, बारामतीला लागूनच. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून काटेवाडीकडे निघाली की आमच्या शिवाराजवळून जाते. घरात त्या दिवशी दिवाळीपेक्षा जास्त गडबड असते. आजी माळकरी, तिचं सगळं वर्ष या एका सकाळीभोवती फिरतं. पिठलं-भाकरीच्या टोपल्या, चहाची पातेली, अंगणभर वारकरी. त्यात ताई डोहाळेजेवणासाठी माहेरी आलेली. सातवा नुकताच लागला होता, 29 आठवडे. मीही दोन दिवस रजा टाकून गेलो होतो. (लॅपटॉप बरोबर होताच. रजा म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे.)

पहाटे ताईच्या पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं, धावपळ झाली असेल. नऊ वाजता आईचा चेहरा बदलला. रस्ता वारकऱ्यांनी भरलेला, मोटारीला वाट नाही. शेवटी दाजींनी आणि मी ताईला आतल्या पाणंदीने चुलत्यांच्या जीपमधून बाहेर काढलं. वाटेत ज्या ज्या दिंडीने आमच्याकडे पाहिलं, त्या त्या दिंडीने टाळ थांबवून वाट करून दिली. हे मी कधी विसरणार नाही.

बारामतीतल्या एका दवाखान्यात तिला दाखल केलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते बरोबर केलं, लगेच डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं. बाळाच्या फुप्फुसांसाठी असतं म्हणाले. पण त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन दिवस लागतात आणि आमच्या बाईसाहेबांना तेवढा दम नव्हता. सात तासांत जन्म. वजन 1100 ग्रॅम. रडल्यासारखं केलं, मग प्रत्येक श्वासाला कण्हायला लागली. छाती आत ओढली जात होती, कागदी पिशवी कुणी आतून चोखावी तशी.

सर्फॅक्टंट द्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. इथपर्यंत ठीक. पण त्यांच्या फ्रीजमध्ये ते त्या रात्री नव्हतं. शहरात दोन-तीन ठिकाणी फोन झाले. एके ठिकाणी होतं ते संपलेलं, दुसरीकडे फोन उचलला नाही. मग नाकाला हवेची नळी लावून, ॲम्ब्युलन्समध्ये, दाजी आणि मी पुण्याला. ताई बारामतीत, टाके घातलेल्या अवस्थेत, बाळाचा चेहराही धड न पाहिलेली. शंभर किलोमीटर. मी आयुष्यात पुण्या-बारामतीचा रस्ता शेकडो वेळा केला असेल, पण प्रत्येक स्पीडब्रेकर मोजला तो तेवढ्याच रात्री.

पुण्यात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक फॉर्म पुढे केला आणि म्हणाल्या, "हे प्राणिजन्य औषध आहे. आत्ता आमच्याकडे जे आहे ते डुकराच्या फुप्फुसांपासून केलेलं आहे. काही हरकत?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. दोघांच्याही डोळ्यांसमोर आजीच्या गळ्यातली तुळशीची माळ आली, हे नंतर चहा पिताना कळलं. दाजींनी सही केली. बिलावर त्या एका कुपीचा आकडा पाच अंकी होता.

कुपी फ्रीजमधून काढून तळहातात धरून गरम केली, बारीक नळीतून थेट श्वासनलिकेत सोडली. काचेबाहेरून मी मॉनिटर बघत होतो. (इंजिनियर माणूस, बाळाकडे बघवत नाही म्हणून आकडे बघतो.) ऑक्सिजन 60 टक्के चालू होता, तो पंधरा-वीस मिनिटांत कमी करत करत 30 वर आणला. छातीचं आत ओढणं थांबलं. मी प्रॉडक्शनमध्ये बरेच हॉटफिक्स पाहिलेत. असा पाहिला नाही.

*

त्यानंतरचे चाळीस दिवस मी एनआयसीयूच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, ऑफिस संपलं की रोज. तिथे करायला काही नसतं, म्हणून वाचत बसलो. आणि वाचता वाचता त्या हसऱ्या मथळ्यापाशी पोचलो. तर आता थोडं सायन्स, कंटाळा आला तर खाली उडी मारा, पण मग कॅन्टीनमध्ये हसायचा हक्क गेला समजा.

फुप्फुसात कोट्यवधी बारीक फुगे आहेत आणि प्रत्येकाला आतून पाण्याचा पातळ थर आहे. पाणी स्वभावानेच आक्रसून घेणारं. पावसाचा थेंब गोल का, तर त्यामुळेच. तोच ओढा फुग्याच्या आत काम करतो आणि श्वास सोडला की फुगा मिटवून टाकायला बघतो. मिटलेला फुगा परत उघडायला प्रचंड जोर लागतो, फुगवायचा पहिला फुगा आठवा. यावर शरीराने काढलेला उपाय म्हणजे पाण्यावर पसरणारा मेदाचा एक थर, सर्फॅक्टंट. पोटातलं बाळ साधारण 24व्या आठवड्यापासून तो बनवायला लागतं आणि पुरेसा साठा व्हायला 34-35 आठवडे लागतात. 29व्या आठवड्यात बाहेर आलेल्याकडे तो नसतोच फारसा.

1959 साली मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी हे दाखवून दिलं की अशी बाळं दगावतात ती या मेदाच्या कमतरतेने. त्याआधी दोन वर्षं जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसातल्या थराचा ताण मोजून दाखवला होता. पण माहिती असणं आणि औषध असणं यात फार अंतर आहे. 1963 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचं ते बाळ 39 तास जगलं. आमच्या चिमीपेक्षा ते वयाने पाच आठवडे मोठं होतं आणि वजनाने जवळजवळ दुप्पट. हे वाचलं तेव्हा खुर्चीत एकटाच होतो, बरं झालं.

आता गंमत बघा. सर्फॅक्टंटमध्ये 90 टक्के मेद. त्यातला सगळ्यात मोठा वाटा एकाच लिपिडचा, डीपीपीसी, साधारण 40 टक्के. कुठल्याही इंजिनियरला विचारा, तो काय करेल? मुख्य घटक घेईल, शुद्ध करेल आणि वापरेल. साठच्या दशकात अगदी हेच करून पाहिलं. शुद्ध डीपीपीसीचा फवारा बाळांना दिला. उपयोग झाला नाही.

का, ते समजायला आपल्या घरातलं खोबरेल तेल पुरे. डिसेंबरात पिंपळीला बाटली उलटी केली तरी तेल पडत नाही, थिजलेलं असतं. मे महिन्यात तेच पाण्यासारखं. लिपिडच्या थराचंही असंच आहे, तो थिजतो किंवा वितळतो. एका ठरावीक तापमानाला, एकदम, जणू परेडमधल्या पलटणीला 'आरामसे' सांगितल्यासारखा. थिजलेल्या अवस्थेत रेणूंच्या शेपट्या ताठ उभ्या आणि घट्ट, वितळल्यावर सैल, वाकड्यातिकड्या. डीपीपीसीचा हा आकडा 41 अंश. मेच्या दुपारी बारामतीच्या रस्त्यावर मिळेल, पण बाळाच्या अंगात 37 च असतं. म्हणजे शुद्ध डीपीपीसी बाळाच्या फुप्फुसात थिजलेलंच राहणार, पसरणार कसं?

बरं, मग थिजणारं लिपिडच नको म्हणावं तर तेही चालत नाही. श्वास सोडताना थर दाबला जातो, त्या शेवटच्या क्षणी तो घट्टच लागतो, नाहीतर पातळ तेलासारखा निसटून जाईल आणि फुगा मिटेल. श्वास घेताना मात्र अर्ध्या सेकंदात परत सगळीकडे पसरला पाहिजे. तान्हं बाळ मिनिटाला 40 ते 60 वेळा श्वास घेतं. म्हणजे जवळजवळ सेकंदाला एकदा थिजल्यासारखं आणि एकदा वितळल्यासारखं वागायचं, तेही तापमान न बदलता. तुमच्या क्लायंटच्या रिक्वायरमेंट्स परस्परविरोधी असतात अशी तक्रार पुन्हा करू नका.

ही रिक्वायरमेंट पुरी करणारे दोन महत्त्वाचे कारागीर उरलेल्या वजनात सापडतात. एसपी-बी आणि एसपी-सी नावाची दोन प्रथिनं, दोन्ही मिळून वजनाने एक-दोन टक्के. एसपी-सी तर इतकं छोटं की त्याला प्रथिन म्हणायचंही जिवावर येतं, फक्त 35 अमिनो आम्लांची साखळी. तिचा बराचसा भाग स्प्रिंगसारखी ताठ गुंडाळी, पाण्याचा तिटकारा असलेली. लिपिडच्या दोन थरांमधून ही गुंडाळी आरपार उभी राहते. हीच ती मेम्ब्रेनच्या आरपार जाणारी पेप्टाइड, टेबलावरचा विनोद.

ती काय करते हे मला आजीच्या गोधडीवरून कळलं. खरंच. गोधडीत दोन कापडं, मध्ये जुन्या लुगड्यांचे थर आणि आरपार टाके. टाका जाडीला बरोबर असेल तर गोधडी सपाट बसते. टाका आखूड ओढला तर तेवढ्या जागी ती चेपते, सैल सोडला तर फुगते. लिपिडच्या थराचंही तसंच. थिजलेला थर जाड असतो, कारण शेपट्या ताठ उभ्या असतात. वितळलेला पातळ. त्यात थरापेक्षा लांब पेप्टाइड घातली तर शेजारचे रेणू तिच्या उंचीला पुरायला ताठ होतात, म्हणजे थिजलेल्या अवस्थेच्या बाजूने मत पडलं. आखूड घातली तर आजूबाजूचे सैल पडून बुटके होतात, वितळणं सोपं होतं. शिवाय टाके मध्येमध्ये आल्यामुळे पलटण एका हुकमाला एकदम हलत नाही. एकाच अंशावर खटकन होणारा बदल पसरट, हळूहळू होणारा बनतो. पसरण्यासाठी नेमकं हेच हवं असतं.

1984 मध्ये ओले मौरित्सेन आणि मायर ब्लूम या दोघांनी याचं गणित मांडलं, त्याला नाव दिलं मॅट्रेस मॉडेल. म्हणजे गादी! आमच्या आजीची गोधडी जास्त चपखल बसली असती, पण डेन्मार्क-कॅनडात कोण वापरतं गोधडी. पुढे नव्वदीत हॉलंडमध्ये ॲन्टोनेट किलियन यांनी मापाच्या पेप्टाइड्स बनवून घेतल्या, एकीपेक्षा दुसरी जरा लांब अशा, आणि पाहिलं की फारच आखूड टाका घातला तर काही लिपिड्समध्ये सपाट थर हार मानतो आणि चक्क नळ्यांसारखी रचना होते. आता हे सगळं कुणी औषध बनवायचं म्हणून केलं नव्हतं. टाक्याची लांबी बदलली तर गोधडीचं काय होतं, एवढ्याच कुतूहलाने केलं.

फुप्फुसात हे टाके आणखी एक काम करतात. श्वास सोडताना दाबला गेलेला जादा मेद फेकून न देता घड्या घालून थराखाली साठवायचा आणि ती घडी वरच्या थराला अडकवून ठेवायची. श्वास घेतला की घडी उलगडून परत वर. टाका नसला तर घडी सुटून वाहून जाणार आणि पुढच्या श्वासाला थर पुरणार नाही. एसपी-बीबद्दल तर पुरावा फार कठोर आहे. ज्या बाळांना आनुवंशिक दोषामुळे ते मुळीच बनवता येत नाही ती पूर्ण दिवसांची असली तरी फुप्फुसाच्या प्रत्यारोपणाशिवाय बहुधा जगत नाहीत.

*

1980 मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसाचा अर्क दहा बाळांना दिला आणि तो चालला. त्यात टाके आपोआपच आलेले होते. 1990 साली अमेरिकेत मंजूर झालेलं एक्सोसर्फ मात्र प्रथिनाशिवायचं, डीपीपीसी, एक अल्कोहोल आणि एक डिटर्जंट. ते क्लेमेंट्स यांच्याच डोक्यातून आलेलं. त्याने हजारो बाळं वाचवली हेही सांगायला हवं, काहीच न देण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं होतं. पण प्राण्यांच्या अर्काशी तुलना झाली तेव्हा मागे पडलं आणि हळूहळू बाजारातून गेलं.

इथे मला माझा एक जुना पराक्रम आठवतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका जुन्या मॉड्यूलमधल्या चाळीस ओळी 'कुणी वापरत नाही' म्हणून मी उडवल्या होत्या. टेस्ट सगळ्या पास. शाबासकीचा मेल आला. महिनाअखेरीला, लोड वाढल्यावर, अख्खी सिस्टिम गुडघ्यावर. त्या चाळीस ओळी काम काहीच करत नव्हत्या, फक्त दोन कामांच्या मध्ये उभ्या राहून त्यांना एकमेकांच्या अंगावर पडू देत नव्हत्या. असो.

तर मुद्दा. आज जगभर चालतं ते औषध मुख्यतः डुकराच्या नाहीतर गाईच्या फुप्फुसातून येतं. कत्तलखान्यातून आणायचं, शुद्ध करायचं, 2 ते 8 अंशात ठेवायचं, म्हणून महाग. आपल्या बाजूनेही प्रयत्न झाले आहेत. पवईला आयआयटीत रिंती बॅनर्जी आणि जयेश बेल्लारे यांनी 2001 मध्ये लिपिडमध्ये चक्क निलगिरीचं तेल मिसळून पाहिलं होतं, प्रयोगशाळेतल्या मोजमापात थर कसा वागतो ते बघायला. प्रथिनाचं काम एखादा स्वस्त, साधा रेणू करू शकेल का, हा प्रश्न मला तरी अफलातून वाटला. बकरीच्या फुप्फुसापासून केलेल्या सर्फॅक्टंटचीही भारतात अनेक रुग्णालयांत चाचणी झाली, तिचा अहवाल 2019 मध्ये आला.

आणि खरं लक्ष्य म्हणजे कारखान्यात बनवलेला टाका. हे वाटतं तितकं सोपं नाही. खरी एसपी-सी इतकी चिकट आहे की बाटलीत एकमेकींना चिकटून तिचे दोरे बनतात. म्हणून तिच्यातले काही दुवे बदलून नवी साखळी रचावी लागते, आणि कुठला दुवा बदलला तर टाका लांब-आखूड होईल, थर किती अंशाला सैल पडेल, हे आधी कळावं लागतं. 21 दुव्यांची अशीच एक रचलेली साखळी, केएल-4, ही एसपी-बीची नक्कल म्हणून घातलेलं औषध अमेरिकेत 2012 मध्ये मंजूर झालं आणि 2015 मध्ये कंपनीने ते थांबवलं. गाडी अजून पुरती स्टेशनात शिरलेली नाही. पण ती ज्या रुळांवर आहे ते रूळ त्या 'निरुपयोगी' मथळ्यांचे आहेत.

माझ्या एका मित्राचा, जो एका एनजीओत काम करतो, यावर ठाम आक्षेप आहे. त्याचं म्हणणं, 2020 साली भारतात 30 लाखांच्या आसपास बाळं वेळेआधी जन्मली. त्यांच्यासाठी तू पेप्टाइड काय घेऊन बसलास? आईला डेक्सामेथासोनचं स्वस्तातलं इंजेक्शन वेळेवर दे, बाळाला नाकातून दाबाची हवा दे, आईच्या उराशी ठेव, निम्मं काम झालं. त्याचं चूक नाही. जन्माआधी स्टेरॉइड दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात हे लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्येच दाखवलं. गरीब देशांतल्या दवाखान्यांत ते चालेल का या शंकेचं उत्तर 2020 च्या मोठ्या चाचणीने दिलं, आपल्या बेळगावचे डॉक्टरही तिच्यात होते. गावातल्या नर्सबाईंनी पुढे पाठवण्याआधी पहिला डोस द्यावा असं केंद्र सरकारचं 2014 चं मार्गदर्शन आहे. मला जर कुणी एकच रुपया खर्च करायला दिला तर तो मी याच इंजेक्शनवर आणि नर्सबाईंच्या प्रशिक्षणावर लावेन. पेप्टाइडवर नाही. हे मी खुर्चीत बसून चाळीस दिवस विचार करून सांगतोय.

पण कुणी दिला आहे एकच रुपया? हा एक रुपयाचा खेळ फक्त विज्ञान आणि दवाखान्यांच्या बाबतीतच का खेळायचा? आमच्याच ताईचं उदाहरण घ्या. इंजेक्शन वेळेत मिळालं, योग्य मिळालं, आणि तरी बाळाने थांबायला नकार दिला. अशा बाळांना कुपी लागतेच. ती भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. सरकारी दवाखान्यात नवजात बाळाचे उपचार 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. कागद सगळे बरोबर आहेत. बारामतीत 2019 पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे, म्हणजे आमचा तालुका काही मागास नव्हे, उलट लोक आमच्यावर जळतात. तरी त्या रात्री आम्हाला जिथे जायला मिळालं तिथल्या फ्रीजमध्ये कुपी नव्हती. महाग, मुदत संपते, कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून कुणी ठेवत नाही. मी दुकानदार असतो तर मीही ठेवली नसती.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्या गावातलं दूध रोज संध्याकाळी कूलरमध्ये 4 अंशाला आणतात आणि टँकरने थेट पुण्यापर्यंत त्याच थंडाव्यात पोचवतात. एक दिवस चुकत नाही, पालखीच्या दिवशीही नाही. गावागावात कूलर, रोज टेस्टिंग, मोबाईलवर लिटरचा आणि फॅटचा मेसेज. आमच्या अण्णांना गाईच्या दुधाचं फॅट पॉइंटपर्यंत कळतं. मग त्याच रस्त्याने उलट्या दिशेने एक कुपी त्याच 4 अंशाला आणून, चार दवाखान्यांत मिळून दोन अशी का होईना, ठेवायला काय हरकत आहे? कुठल्या फ्रीजमध्ये किती कुपी आहेत एवढं दाखवणारं एक साधं पान, मुदत संपत आलेली कुपी जिथे बाळं जास्त तिकडे हलवायची. हे लिहायला मला आणि टेबलावरच्या त्या दोघा हसणाऱ्यांना मिळून दोन वीकेंड लागतील. (हे मी गंमतीने लिहीत नाहीये. ज्यांना इंटरेस्ट असेल त्यांनी भेटा. डॉक्टर असाल तर आधी तुम्ही भेटा, कारण आम्ही इंजिनियर लोक न विचारता चाळीस ओळी उडवतो.)

आणि कारखान्यात बनणारा, फ्रीजची गरज नसलेला, स्वस्त टाका उद्या कुणी बनवला तर हे पानही लागणार नाही. नर्सबाईंच्या कपाटात सलाईनच्या बाटलीशेजारी पडून राहील. म्हणून कुणीतरी, कुठेतरी, पेप्टाइड घातल्यावर थर 41 ऐवजी किती अंशाला वितळतो हे मोजत बसलंय याचं मला बरं वाटतं. माझ्या टॅक्समधले चार पैसे तिकडे जात असतील तर खुशाल जाऊ देत. माझे पैसे याहून वाईट ठिकाणी गेलेले मी रोज रस्त्यावर बघतो.

*

चिमी आता वर्षाची झाली. वरण-भात खाते, रिमोट चावते, आवाज विचाराल तर शेजारचे तक्रार करतात असा. यंदा पालखीला ताई तिला घेऊन आली होती. आजीने तिला कडेवर घेऊन पादुकांवर डोकं टेकवून आणलं, आणि दुपारी, वारकरी पुढे गेल्यावर, ओसरीवर गोधडीला टाके घालत बसली. चिमीसाठीच, ताईच्या जुन्या साड्यांची.

डुकराचं औषध होतं हे आजीला आम्ही अजून सांगितलेलं नाही. दाजी म्हणतात, कशाला, म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर. ताई म्हणते, सांगा, तिला काही वाटणार नाही. मला दोघांचंही पटतं. कारखान्यातला टाका असता तर हा प्रश्नच आला नसता असं वाटतं, आणि मग वाटतं की एवढ्यासाठी विज्ञानाने धावायचं का. पण आमच्यासारख्या किती घरांत अशी सही करताना हात थबकत असेल, डुकराच्या नावाने कुठे, गाईच्या नावाने कुठे.

मी तिच्याशेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होतो. तिला आता दिसत नाही नीट.

"अरे, पोरीला त्या वक्ताला कसलं औषध दिलं होतं रे पुण्याला?" मान खाली घालूनच तिने विचारलं.

"दुधासारखं होतं, आजी," मी म्हणालो. "पांढरं."

"कशाचं?"

मी दोरा ओवला, सुई तिच्या हातात दिली. तिने सुई घेतली, पण टाका घातला नाही. माझ्याकडे बघत राहिली.